चुकीच्या खटक्यावरचा हात

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे कॅप्टन सर, वहिनी, आणि जेवणाचा वास आल्यापासून दाराकडे पाहत बसलेले माझे सहकारी,

अशा समारंभांत मी इतकी वर्षं मागच्या रांगेत बसून नुसत्या टाळ्या वाजवल्या. तोंड उघडायला उशीर झाला, त्याबद्दल आधीच माफी मागते.

सरांनी आम्हाला काय शिकवलं? इंजिनाला आग लागली, तर आधी विमान सरळ उडवायचं. घाई करायची नाही. दोनांपैकी एक इंजिन गेलं तरी विमान उडतं. पण गडबडीत धडधाकट इंजिनच बंद केलं, तर आपलं काही खरं नाही. म्हणून एकाने इंधनाच्या खटक्यावर हात ठेवून मोठ्याने सांगायचं, 'डावं' की 'उजवं'. दुसऱ्याने नीट पाहून 'बरोबर' म्हटल्याशिवाय बोटही हलवायचं नाही.

सरावाच्या खोट्या कॉकपिटमध्ये सर मुद्दाम चुकीच्या खटक्यावर हात ठेवायचे. आम्ही आदराने मान डोलवायचो. "वा! बुडालो," सर म्हणायचे. "मान कसली डोलावतेस? गाणं चाललंय का?"

वहिनी मघाशी सांगत होत्या, ही सवय घरीही आहे. दूध उतू जायला लागलं, की सर गॅसच्या बटणावर हात ठेवून ओरडतात, "डावी शेगडी! बघून सांग!" वहिनी अंघोळीला. सर तसेच उभे. दूध ओट्यावर, नियम शाबूत.

हसा, हसा. पण एका दुपारी हे खरंच घडलं. उड्डाण झालं आणि मोठा आवाज होऊन घंटा वाजू लागली. डाव्या इंजिनाला आग! विमान त्या फेरीत माझ्या हातात होतं. वर चढलो, स्थिर झालो. सर खटक्यावर हात ठेवून म्हणाले, "डावं."

हात उजव्यावर होता.

मला वाटलं, परीक्षा घेतायत. मग वाटलं, मागे एवढी माणसं बसलेली असताना? मग वाटलं, सरांचं कसं चुकेल, माझंच डावं-उजवं चुकत असणार. आणि तोंडातून निघालं, "थांबा! हात काढा!" पुढे 'सर' म्हणायचंही राहिलं.

सरांनी हात काढला, पाहिलं, डाव्या खटक्यावर ठेवला. "आता?"

"बरोबर."

सुखरूप उतरल्यावर मी विचारलं, "सर, मुद्दाम केलंत ना?"

"मुद्दाम? अगं, खरंच चुकलो! तू ओरडली नसतीस, तर चांगलं इंजिनच बंद केलं असतं!"

हे आज सांगू का, असं विचारलं, तर म्हणाले, "सांगच. नाहीतर ही मंडळी मला देव समजून मान डोलावत बसतील."

उद्यापासून सरांच्या खुर्चीत मी बसणार. शेजारी आमचा नवा सहवैमानिक. तो पाहा, आत्ताही मान डोलावतोय. दुपारी हे भाषण त्याला वाचायला दिलं. "अप्रतिम, मॅडम! एक शब्द बदलू नका!" घरी गेल्यावर कळलं, मी त्याला वाणसामानाची यादी दिली होती. माझ्या चुकांपेक्षा मला त्याच्या कौतुकाचीच धास्ती वाटते.

अध्यक्षांनी वेळ दिला, सरांनी 'थांबा' म्हणायला शिकवलं, वहिनींनी इतकी वर्षं ओटा पुसला. सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल, तर नंतर क्षमा करण्यापेक्षा आत्ताच टोका.

कोणीच नाही? बरं.

मग उद्याचं पहिलं काम ठरलं: विमान जमिनीवर असतानाच चुकीच्या खटक्यावर हात ठेवायचा, आणि शेजारी पाहायचं.