पावलांनी मोजलेली शाळा

मला आदर्श मास्तर वगैरे म्हणू नका. घ्या चहा, आणि हे ऐका.

तीस-बत्तीस सालची गोष्ट. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका खेड्यात मी दुसरीला शिकवायचो. त्या आठवड्यात धडा होता शाळेच्या नकाशाचा. शाळा पावलांनी मोजायची आणि पाटीवर काढायची. पोरं जाम खुशीत! "गुरुजी, खोली माज्या पावलानं सोळा भरतीया." "माज्या अठरा!"

शनिवारी पाट्या तपासल्या. सखारामानं पाटी उंबऱ्यावर ठेवली आणि रोजच्यासारखा मागं सरला. ओसरी, पायऱ्या, अंगणातला लिंब, सगळं आकड्यांसकट नेटकं. वर्गाच्या चौकोनात मात्र एकही आकडा नाही.

मी भडकलो. "आठवडाभर झोपा काढल्यास काय रे?"

"न्हाय, गुरुजी."

"मग आतली पावलं का नाही मोजलीस?"

तो गोंधळून माझ्याकडं बघत राहिला. "म्या आत कवा आलोय, गुरुजी?"

सखाराम महारवाड्यातला. शिवाशिव नको म्हणून दोन वर्षं ओसरीवर बसत होता. त्याला तिथं बसवणारा मीच, आणि विसरलेलाही मीच.

सगळ्यांना एकत्र बसवा, असा सरकारी हुकूम माझ्याच टेबलाच्या खणात पडून होता. "ये आत, मोज," एवढंच म्हणायचं होतं. पण गाव काय म्हणेल, ते डोळ्यांपुढं आलं.

मी खाकरलो आणि म्हणालो, "बरं, बरं. पूस ती पाटी."