सैल हात

डोळ्यांत थेंब घालून पापण्या मिटून बसायचं फर्मान सुटलं, की माणसाचे कान हातभर लांब होतात. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या सुताराचे तसेच झाले. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं आणि विणायच्या सुयांची टिकटिक.

“अगं, ठेव ते आता. आत बोलावतील.”

“पानगळ सुरू झाली, अजून एक बाही राहिलीय. थंडीत काय वर्तमानपत्र गुंडाळून फिरणार आहात?”

“मागच्या स्वेटरची बाही एवढी लांब झाली होती, की शेजारचं मांजर तीत बाळंत झालं.”

“आणि पिल्लांना दूध कोण पाजत होतं? अहो, डॉक्टरांनी विणणं बंद करा म्हटलं तर? पानं गळायला लागली की खिडकीतलं ऊन आणि मांडीवर लोकर, एवढीच माझी चैन.”

“तर ऐकायचं नाही. तुझा एक तरी टाका चुकतो का?”

“तेच तर. दुपारी डोळा लागतो. उठून बोटं फिरवते, तर सुटलेले टाकेसुद्धा जागेवर.”

“बघ. मी काय सांगतोय?”

“फक्त मधल्या काही ओळी घट्ट लागतात. माझा हात सैल आहे, अहो. जन्मभर सैलच.”

“...कधी कळलं तुला?”

“मागच्या पानगळीत.”

नर्सनं आजींना हाक मारली.

“हे धरा. मी येईपर्यंत दोन ओळी होऊ द्यात. आणि जरा सैल विणा, मागचा काखेत काचत होता तुम्हाला.”

दार लागलं. जराशानं सुताराला पुन्हा टिकटिक ऐकू आली, थोडी अडखळत.