ओतलं की सांडलं

— नाही नाही, तेच वाक्य परत वाच. त्याच्या आधीचं. "चुकून सांडलेलं पाणी, चहा किंवा अन्य द्रव" — हं, तिथंच थांब. भरून देणार म्हणतेस? दोन वर्षं? आणि मुद्दाम ओतलं तर नाही. म्हणजे सांडलं तर हो, ओतलं तर नाही. बरं. आता मला सांग, अबेना — नावावरूनच कळतं, मंगळवारचा जन्म तुझा, आणि मंगळवारीच मी पाठ फिरवल्यावर हसलीस, ऐकलं मी — सांग, माणूस ओततोय जमिनीवर आणि जातंय लॅपटॉपवर, तर ते ओतलं की सांडलं?

हो, मंगळवारी तुमच्याच दुकानातून हाच लॅपटॉप नेला, याच रंगाचा, आणि वाढीव वॉरंटी नको म्हणालो. म्हणालो, आमच्याकडे वॉरंटी पूर्वज देतात. बोललो ते बोललो. अख्ख्या कुमासीत विचार, आमच्या घरात नवी वस्तू त्यांना दाखवल्याशिवाय कुणी वापरत नाही — वस्तू अंगणात मांडायची, शेजारी जमिनीवर श्नॅप्सची, म्हणजे दारूची, धार सोडायची, एकेकाचं नाव घ्यायचं. एक्केचाळीस वर्षं ती धार मीच सोडतोय. टॅक्सीला सोडली, शिलाई मशीनला सोडली. फ्रीजला सोडली, तर आता वीज नसली तरी त्यात बर्फ होतो. खोटं वाटतं? ये बघायला.

पहिल्याचं काय झालं म्हणतेस? काही नाही झालं. बंद आहे. विश्रांती घेतोय. खोलीत घेऊन बसलो होतो, दार लावून — सराव करत होतो. एक्केचाळीस वर्षांनी सराव कशाला? अगं, नावं वाढलीत ना! दरवर्षी कुणी ना कुणी जातंच. आजीच्या नावापर्यंत धार सुतासारखी सरळ होती. मग धाकट्या मावशीचं नाव आलं, आणि तिला जिवंतपणीही श्नॅप्स पुरायची नाही — तिनंच ओढून घेतली असणार, कीबोर्डवरून.

शनिवारी सगळं घर अंगणात जमणार. सेरवा, माझी नात, सोमवारी नर्सिंगच्या कॉलेजला निघते — लॅपटॉप तिच्यासाठीच, आणि तिला वाटतंय खोकं अजून उघडलंच नाही. आणि क्वाबेना, माझा भाऊ, पुढच्याच खुर्चीत बसणार, नवे जोडे घालून. एक थेंब इकडचा तिकडे झाला की म्हणेल, दादा, तुम्ही आता बसा, बाटली इकडे द्या. द्या काय द्या! त्याला तीन पिढ्यांपलीकडची नावं येत नाहीत, मध्येच फुटबॉलवाल्यांची घुसडतो.

तर घेऊ का वॉरंटी? समज घेतली, आणि शनिवारी — समज हं — तर अर्जात काय लिहायचं? "कसे घडले"? सविस्तर? ओतलं लिहिलं तर तुम्ही हात वर करणार. चुकून सांडलं लिहिलं तर का सांडलं ते सांगा. आणि अर्ज भरणार सेरवा, मशीन तिच्या नावावर. नर्सिंग शिकणारी पोर ती, एका ओळीत ओळखेल. कशाला ठेवलाय तुम्ही तो रकाना? कुणाला काय करायचंय?

दे. देऊन टाक वॉरंटी. सही? इतक्या बारीक चौकटीत? तूच लिही ना माझं नाव, मी चष्मा घरी — हो, डोळ्यांवर आहे, पण हा लांबचा. बरं, आण ते पेन.

काय बघतेस? हात नाही हलत, पोरी. टेबल हलतंय तुमचं.