परक्या मुलखातला माझा मराठी शिवणवर्ग

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, माझ्या आजी-माजी विद्यार्थिनींनो, आणि शेवटच्या रांगेत बसून घड्याळाकडे बघणारे माझे यजमान,

आत्ता अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाईंनी परदेशातही अध्यापन केलं." ऐकायला किती भारदस्त वाटतं, नाही? आज जाता जाता खरं सांगून टाकते.

यांची तिकडे बदली झाली, मी पाठोपाठ गेले. तिथल्या बायकांच्या शिवणशाळेत तीन महिन्यांसाठी शिक्षिका हवी होती. मुख्याध्यापिकेचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. दोघींनी हसून माना डोलावल्या आणि मी नोकरीला लागले.

हे म्हणाले, "त्यात काय? हातवारे कर." केले! दुकानात सुया हव्या होत्या म्हणून बोटाला टोचल्याचं दाखवून "आई गं" केलं. दुकानदाराने घाईघाईने मला शेजारच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. भला माणूस हो, पण सुया राहिल्याच.

तेव्हा ठरवलं, कुणाला काही कळणारच नाहीये, तर इंग्रजीची कसरत कशाला? सरळ मराठीतून शिकवायचं. "अगं, हा मुंढा आहे की भगदाड? बाही कुठे लावशील? उसव!" आणि काय सांगू, कळायला लागलं! रागवायला मातृभाषेसारखी भाषा नाही. दोन महिन्यांत त्या अठराजणी एकमेकींना "उसव, उसव" म्हणून दटावू लागल्या.

त्यातली एक बाई पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती. आवाज खणखणीत, पण टीप अशी वाकडी की विचारू नका. एकच बाही मी तिला अकरा वेळा उसवायला लावली. अकराव्या वेळी ती रडायला लागली. आता समजूत कशी घालणार? माझ्याजवळ तिच्या भाषेतला एक शब्द नव्हता. मी शेजारी बसले आणि तिच्याबरोबर ती बाही उसवली. बाराव्या वेळी बाही अशी बसली की आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

आणि मग आले तपासनीस. शाळेचं अनुदान त्यांच्या शेऱ्यावर. त्यांनी झग्याच्या बाहीचा जोड दाखवून एकीला विचारलं, याला काय म्हणतात? ती ठणकावून म्हणाली, "मुंढा!" तिरक्या कापलेल्या पट्टीला? "उरेब पट्टी!" कच्च्या टाक्याला? अठराजणी एका सुरात, "धावदोरा!"

तपासनीसांची लेखणी थांबली. मुख्याध्यापिकेचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं. माझी नोकरी गेली तर गेली, पण माझ्यापायी शाळा बुडणार.

तेवढ्यात कंडक्टरबाई उठली. अंगातला स्वतः शिवलेला कोट काढला, उलटा केला आणि तपासनीसांच्या पुढ्यात पसरला. आतली शिवण बाहेरच्यासारखीच नेटकी! मग ती खणखणीत आवाजात एक वाक्य बोलली. तपासनीसांनी कोटावरून बोट फिरवलं, हसू दाबलं आणि सही केली.

मी मुख्याध्यापिकेला खोदून खोदून विचारलं, "काय म्हणाली ती?" बऱ्याच खटपटीने तिने इंग्रजीत जुळवून सांगितलं, "ती म्हणाली, आधीच्या बाईंचं बोलणं आम्हाला सगळं समजायचं. शिवता मात्र येत नव्हतं."

तीन महिन्यांची नोकरी चार वर्षं चालली, मंडळी. परत आल्यावर या संस्थेने मला पदरात घेतलं, त्याला आज एकवीस वर्षं झाली. आपल्या सर्वांची मी मनापासून ऋणी आहे.

एक शेवटचं. तिकडे रागाच्या भरात मी काय काय बोलले, ते त्या बिचाऱ्यांना कधी कळलंच नाही. तुम्हाला मात्र माझा शब्दन् शब्द कळत होता. तेव्हा क्षमा मागायची ती तुमचीच मागते.

नमस्कार.