पणजीचं नाव

शेरबोर्नची बस आजही वेळेवर नव्हती. थांब्यावर वेरा विणकाम काढून बसली होती, पण बाकावरच्या म्हाताऱ्या बहीणभावांनी तिला एक टाका धड घालू दिला नाही.

"तारेचा ब्रश, रोझलिन? पणजीच्या थडग्यावर कोणी तारेचा ब्रश चालवतं?"

"शेवाळ होतं रे. नाव वाचता येत नव्हतं."

"आता नावच उरलं नाही. झालं समाधान?"

"दगड इतका मऊ असेल हे मला काय ठाऊक! उद्या पाथरवट विचारणार, नव्या दगडावर काय कोरू. आणि चर्चच्या वहीत नुसतं 'जॉनची बायको'."

"मग तेच कोर."

"बाईनं जन्मभर शेत ओढलं, पोरं वाढवली, आणि वर जॉनची बायको? मी नाही कोरणार."

"मग घासायच्या आधी डोकं चालवायचंस."

"तू आजोबांच्या मागे शेपटासारखा असायचास. स्वतःच्या आईचं नाव ते कधीच घेत नव्हते?"

"आजोबा माणसांशी बोलायचे कुठे? बोलायचे ते गाईंशी. त्यातल्या त्यात लाडक्या दुभतीशी. ती थकली की तिच्या कालवडीला पुन्हा तेच नाव. आजी कातावायची, सासूला रोज गोठ्यात बांधता म्हणून."

"डेस्मंड."

"आता काय?"

"काय हाक मारायचे तिला?"

"फाटकाशी उभे राहून, रोज संध्याकाळी. 'टबिथा, चल गं घरी.'"

वळणावर बस दिसली. दोघंही उठेनात. शेवटी वेरानेच हात केला.