लाभ, दोन, तीन

खंडूआबा : ...आन् आता समद्यांनी डोळे मिटा. समजा, पाताळेश्वराचा हा खडक अजून आख्खाच हाय. देऊळ न्हाई, खांब न्हाई. नुस्ती छिन्नी वाजतीय. आन् तुमच्याएवढी एक पोर पाटीत कपच्या भरून बाहेर टाकतीय. केसात दगडाची भुकटी. दिसली?

भाग्यश्री : दिसली. पुढं काय झालं, आबा?

खंडूआबा : एक दिवस खडकाला तडा गेला. मुकादम म्हणाला, काम बंद, चला. समदे गेले. जाताना डोकी कुणी मोजली न्हाईत. ती त्या मागल्या कोपऱ्यात कपच्या भरत होती.

भाग्यश्री : मग?

खंडूआबा : मग बसली तिथंच. कवातरी कुणी मोजंल म्हणून.

भाग्यश्री : खरी गोष्ट हाय?

खंडूआबा : न्हाई गं. म्याच रचली, हितं उभ्या उभ्या. मोजताना तुमी पळापळ करू नये म्हणून. गुरुजी, मोजू का?

गुरुजी : मोजा. आत अंधार आहे, डोक्याला हात लावून मोजा. एकतीस भरले पाहिजेत. नंतर सारसबाग करायचीय.

खंडूआबा : लाभ... दोन... तीन...

(जंगली महाराज रस्त्याच्या कडेला बस उभी. पोरं चढून बसली आहेत.)

गुरुजी : बत्तीस कसे होतील, आबा? मी बसमध्ये दोनदा मोजले. एकतीसच आहेत.

खंडूआबा : माझं माप चुकत न्हाई. शिरूरच्या मार्केट यार्डात तीस वर्सं मापाडी हाय म्या.

गुरुजी : मग तुमचा तो लाभच जास्तीचा धरला असेल. आधी लाभ, मग एक, मग दोन.

खंडूआबा : लाभ म्हंजीच एक, गुरुजी. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत. एक म्हंजी एकटं. एवढी बुकं वाचली तुमी, आन् हे ठावं न्हाई?

गुरुजी : बरं, राहिलं. पोरांनो, आबांनी हात लावला तेव्हा काय म्हणाले ते सांगा. दोन कोण?

भाग्यश्री : मी दोन.

गुरुजी : तू? मग तुझ्याआधी कोण होतं?

भाग्यश्री : कुणीच न्हाई. खांब होता.

गुरुजी : लाभ कोण? हात वर करा. कुणीच नाही ना? झालं. खांब मोजलात तुम्ही, आबा.

खंडूआबा : खांबाला केस नसत्यात, गुरुजी.

गुरुजी : पोरांसमोर असलं बोलू नका.

खंडूआबा : बोलत न्हाई. हा तळहात तेवढा बघा.

गुरुजी : भुकटी आहे. दगडाला हात लागला की लागतेच.

भाग्यश्री : आबा, ते डोकं गार होतं?

खंडूआबा : गार होतं. आन् हाताखाली हललं. मला वाटलं, तूच हायेस.

भाग्यश्री : मी न्हवते.

खंडूआबा : गुरुजी, जरा बस थांबवा. म्या आत जाऊन सांगून येतो, बाई, चुकून मोजलं तुला. तू हितंच ऱ्हा.

भाग्यश्री : तुम्हीच म्हणता ना, एकदा लाभ म्हटलं की ते माप परत राशीत ओतायचं न्हाई?

खंडूआबा : आगं, ते धान्याचं. हिला आपल्या गावी, कवठ्याला न्हेऊन ठेवायचं कुठं?

भाग्यश्री : पर ती वाट बघत होती, कुणी मोजंल म्हणून. तुम्ही मोजलं. आता परत सोडून जायचं?

गुरुजी : ड्रायव्हर हॉर्न देतोय. आबा, उतरायचं असेल तर आत्ताच उतरा. नाहीतर बसून घ्या. भाग्यश्री, तू का उठलीस? सकाळपासून त्या खिडकीसाठी भांडत होतीस ना?

भाग्यश्री : सोडली खिडकी. आबा, पाय जरा आत घ्या. तिनं बाग न्हाई बघितली अजून.