उंदीर शीर्षकात घ्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय आप्पासाहेब, ‘शतकापुढे डॉट कॉम’ सोडून बंगळूरला निघालेले संस्थापक-संपादक अभिनवराव, त्यांच्या खुर्चीवर बसणाऱ्या नम्रताताई, व्यासपीठावरील मान्यवर आणि पंख्याचा वारा ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही असे मागच्या रांगेतले पुणेकर, सर्वांना नमस्कार आणि जयभीम.

मी उत्तरेश्वर सोनवणे, टेलिफोन खात्यातून निवृत्त, मुक्काम कात्रज. संकेतस्थळाचा सर्वांत निष्ठावान वाचक म्हणून मला इथे उभं केलंय. गौरवाचे चार शब्द बोला, असं फोनवर सांगितलं होतं. शब्द आहेत माझ्याकडे. गौरवाचं बघू या.

आमचा रोहन हिंजवडीत नोकरीला लागला आणि त्यानं घरी कॉम्प्युटर आणला. तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर मी ‘शतकापुढे’ मोठ्यानं वाचायचो आणि आमच्या सौभाग्यवती, सत्यशीला, ऐकायच्या. त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. फळ्यावरचं स्वतःचंच अक्षर दिसेना, म्हणून नोकरी लवकर सोडली. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होण्याचा आजार. औषध नाही.

आणि एका सकाळी अभिनवरावांनी छापलं, ‘अंधत्वाला निरोप! जैविक डोळा दाराशी.’ वर संकेतस्थळाचं ते निळं चमचमतं बोधचिन्ह, खाली ‘भविष्य इथे आधी येतं’. चित्रात एक बाई, तिच्या बुबुळात उजेड. मी चित्राचं वर्णन करून सांगितलं. सत्यशीला म्हणाली, “बाई आपल्यातली वाटते का हो?” म्हटलं, परदेशी आहे. “असू दे. आपल्याकडे यायला पाच वर्षं धरा.” त्या दिवशी घरात शिरा झाला.

मग तशी बातमी आली की शिरा, हा आमच्या घरचा रिवाजच पडला. कधी चिप, कधी पेशी, कधी फवारा. डोळा दरवेळी दाराशीच. दार कुणाचं, ते मात्र कधी छापून आलं नाही.

दरम्यान डॉक्टरांनी बजावलं होतं, थोडी नजर आहे तोवर पांढरी काठी शिका, ब्रेल शिका, नंतर जड जाईल. वर्गाचा पत्ताही दिला. सत्यशीलानं ऐकलं नाही. “चार दिवसांसाठी आंधळ्यांच्या वर्गात कशाला नाव घालायचं? माझे डोळे यायचेत.” रोहननं समजावलं, सूनबाई दीपालीनं विनवलं. छे! बाई शिक्षिका होत्या, त्यांना शिकवणार कोण?

शेवटी एकदा आम्ही दोघं शनिवार पेठेतल्या तुमच्या कार्यालयात आलो. अभिनवराव, आठवतंय? तुम्ही चहा पाजलात. फार आदरानं वागलात, ते खोटं नाही. सत्यशीलानं विचारलं, “अहो, तो डोळा कुठे बसवून मिळतो?” तुम्ही बातमी उघडलीत आणि बोटानं खाली, खाली, जाहिरातींच्याही खाली नेलीत. तिथे एक ओळ होती. प्रयोग उंदरांवर.

“काकू, चित्र काल्पनिक असतं. आणि शीर्षक म्हणजे… शीर्षक.”

ती म्हणाली, “उंदराला दिसायला लागलं का?”

“उजेडाकडे मान वळवायचा.”

“बरं झालं त्याचं,” ती म्हणाली आणि पदर सावरून उठली.

लोक विचारतात, सोनवणे, तुम्हाला संताप कसा आला नाही? नाही आला. अजून येत नाही. जीभ भाजल्यावर काही वेळ चवच कळत नाही, तसं झालंय. सकाळी कॉम्प्युटर लावतो, वाचतो, बंद करतो. शिरा बंद आहे.

आता तिला उजेडही कळत नाही. यंदा ती त्या वर्गाला जाऊ लागली. तिथल्या बाई म्हणाल्या, नजर होती तेव्हा आल्या असतात तर काठीनं अंतराचा अंदाज बसला असता. सत्यशीला घरी येऊन रडली. डोळे गेले तेव्हा रडली नव्हती.

तेव्हा नम्रताताई, तुमच्याकडे एकच मागणं. भविष्य खुशाल छापा, निळं चमकवा, आमची हरकत नाही. फक्त उंदीर शीर्षकात घ्या. माणूस वरचं वाचून दिवस काढतो हो.

अभिनवराव, नव्या नोकरीसाठी शुभेच्छा. शुभेच्छा खऱ्या आहेत, तळाशी बारीक ओळ नाही. मला बोलू दिलंत, त्याबद्दल आयोजकांचे आभार. वयानं जीभ घसरली असेल तर पदरात घ्या.

एक राहिलं. अभिनवराव, तुम्हाला शाल मी द्यायची, असं ठरलं होतं. सत्यशीला म्हणाली, मी देणार, आणि व्यासपीठापर्यंत एकटी चालत जाणार. घराबाहेर, कुणाचा हात न धरता, ही तिची पहिलीच वेळ आहे. पहिल्या रांगेतल्या मंडळींनी कृपया पाय आत घ्यावेत. माईकची तार कुणीतरी बाजूला करा. आणि हात जोडून सांगतो, ती पोहोचेपर्यंत टाळ्या वाजवू नका. टाळ्यांत तिला काठीचा आवाज ऐकू येत नाही.

ऊठ, सत्यशीला. समोर सरळ आहे.